लीला डाऊन्स, इस्त्मोची सापोतेक गाणी की पिरेकुआ? सुरुवात कुठून करावी

मेक्सिकन गायिका लीला डाऊन्सचा कुठला अल्बम आधी ऐकावा असं विचारलं, की बरेच जण २०११ चा ‘पेकादोस इ मिलाग्रोस’ पुढे करतात. ग्रॅमी मिळालेला, ध्वनिमुद्रण झकास, बाईंचा आवाज ऐन भरात. पण मेक्सिकोच्या मूलनिवासी भाषांतलं गाणं ऐकायचं म्हणून तुम्ही तो लावलात, तर कानावर जवळजवळ सगळी स्पॅनिशच पडेल. त्यातली रांचेरा, म्हणजे मेक्सिकोतली लोकप्रिय स्पॅनिश धाटणीची, गाणी सुरेख आहेत, त्याबद्दल वाद नाही, फक्त तुम्हाला हवं होतं ते हे नव्हे.

घोटाळा होतो तो ‘मूलनिवासी भाषांतलं लोकसंगीत’ हा एक प्रकार मानल्यामुळे. मेक्सिकोत सरकारी मोजणीनुसार ६८ मूलनिवासी भाषा आहेत आणि २०२० च्या जनगणनेत त्या बोलणारे ७३ लाखांहून अधिक भरले. मिस्तेकचा पुरेपेचाशी काही संबंध नाही. पुरेपेचाला तर जगात कुणी सख्खी बहीणच सापडलेली नाही. गाण्याच्या चाली, वाद्यं, गायची कारणं, सगळंच गावागणिक बदलतं. म्हणून नव्या माणसापुढे मी तीनच दारं ठेवतो : डाऊन्सचे सुरुवातीचे अल्बम, तेहुआन्तेपेकच्या इस्त्मोतली, म्हणजे चिंचोळ्या भूपट्टीतली, सापोतेक गाणी आणि मिचोआकान राज्यातलं पिरेकुआ, म्हणजे पुरेपेचा भाषेतलं गाणं. रॉक आणि रॅपचं शेवटी सांगतो, कारण ते हवं असणाऱ्यांना बहुधा या तिन्हींतलं काहीच नको असतं.

डाऊन्स : कुठे थांबायचं ते ठरवून आत शिरा

लीला डाऊन्सचा जन्म १९६८ चा, ओआहाका राज्यातल्या त्लाहिआकोचा. आई मिस्तेक, स्वतः गायिका, वडील अमेरिकेत शिकवणारे चित्रपट-छायाचित्रकार. तिने मिनेसोटा विद्यापीठात गायन आणि मानववंशशास्त्र, दोन्ही शिकून घेतलं आणि तिच्या कामात या दोन्हींची छाप दिसते. तिचा अल्बम निवडायचा तर २००० सालचा ‘आर्बोल दे ला विदा’ निवडा. मिस्तेक लोकांच्या जुन्या चित्रपोथ्यांवरून सुचलेली गाणी त्यात आहेत आणि ती मिस्तेक, सापोतेक, नाहुआत्ल अशा भाषांत गायलेली आहेत. स्पॅनिश आहे, पण पाहुणी म्हणून.

त्यानंतरचा २००४ चा ‘उना सांग्रे’. याला लॅटिन ग्रॅमी मिळालं. इथे भाषांचं मिश्रण पातळ व्हायला लागलेलं आहे, तरी एक मिस्तेक आणि एक पुरेपेचा गाणं आहे. २००२ च्या ‘फ्रिदा’ चित्रपटामुळे आणि २००३ च्या ऑस्कर सोहळ्यात गायल्यामुळे ती जगाला माहीत झाली ती याच दरम्यान. पुढचे अल्बम तिच्या प्रेमात पडल्यावर ऐकायचे.

जमेची बाजू उघड आहे. आवाज तळाच्या खर्जापासून वरच्या टिपेपर्यंत सहज फिरतो, सॅक्सोफोनपासून हार्पपर्यंत वाद्यांची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे आणि कुठल्याही ॲपवर एका शोधात सापडतं. उणी बाजू अशी, की हे मंचासाठी बांधलेलं गाणं आहे. समोर बसलेल्या बहुतेकांना शब्द कळणार नाहीत हे धरूनच त्याची रचना केली आहे : नाट्य आवाजात आणि वाद्यांत भरलंय, शब्दांवर फारसा भार टाकलेला नाही. परक्या श्रोत्याला म्हणूनच ते सोपं जातं. आणि थोडे दिवस ऐकल्यावर, निदान मला तरी, ते किंचित जास्तच आखीव वाटायला लागतं.

डाऊन्समधला मिस्तेक भाग आवडला तर ‘पासातोनो ओर्केस्ता’ ऐका. ओआहाकातच १९९८ मध्ये सुरू झालेला हा गट व्हायोलिन आणि बाहो किंतो या जाड तारांच्या गिटारवर मिस्तेक गावांतल्या नाचाच्या चाली वाजवतो. गाण्यापेक्षा वादन जास्त, हे लक्षात असू द्या. शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य गळा आवडणाऱ्यांसाठी मारिया रेयना ही मिहे भाषेत गाणारी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, आहे. तो अगदी वेगळा बाज झाला, इथे नुसता उल्लेख पुरे.

इस्त्मो : शब्दांसाठी

मेक्सिकोची कंबर जिथे सर्वांत बारीक होते तो भाग म्हणजे तेहुआन्तेपेकचा इस्त्मो. हुचितान हे तिथलं मोठं सापोतेक शहर. गावकीत, बाजारात ही भाषा चालते आणि मे महिन्यातल्या ‘वेला’ नावाच्या रात्रभराच्या उत्सवांत गाणंबजावणं ओसंडून वाहतं. मात्र त्या उत्सवांतले ब्रास बँड आणि मारिम्बा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य म्हणजे मुख्यतः शब्दांविना संगीत. तुम्हाला हवंय ते त्याच्या शेजारी, गिटारवर गायलं जाणारं : एक गळा, एक साथीची गिटार, एक वरच्या पट्टीतली छोटी रेकिंतो गिटार आणि तीन मात्रांचा संथ झुलता ठेका.

आपल्याकडच्या भावगीताशी याचं नातं जुळतं. चाल साधी, वाद्यं मोजकी, आणि गाणं उभं राहतं ते कवितेवर. हे काही योगायोगाने झालेलं नाही. इस्त्मोच्या सापोतेकला १९५६ पासून सर्वमान्य वर्णमाला आहे, हुचितानला १९७२ पासून सांस्कृतिक भवन आहे आणि लेखक, कवी, चित्रकार यांनी मिळून तिथे या भाषेतली साहित्याची नियतकालिकं काढली. एउस्ताकिओ हिमेनेस हिरोनसारखा गीतकार एका हाताने गाणी रचत होता आणि दुसऱ्या हाताने भाषा लिहायची कशी यावर पुस्तक करत होता. त्यामुळे गाण्याचे शब्द छापील मिळतात, बहुतेकदा समोर स्पॅनिश भाषांतरासह. तिथून मराठीत किंवा इंग्रजीत अर्थ लावणं यंत्राच्या मदतीने बऱ्यापैकी जमतं. थेट सापोतेकवरून यंत्राला भाषांतर करायला लावू नका, ते काहीही ठोकून देतं.

कुणाचं ऐकावं? जुन्यांत साउल मार्तिनेस. आजच्यांत मार्था तोलेदो, हुचितानचीच, आवाजात भरदार गोडवा आणि उच्चार घरचे. सुसाना आर्प हीदेखील ओआहाकाची, तिचं ध्वनिमुद्रण सगळ्यांत नेटकं आणि राज्यभरातल्या अनेक परंपरांना स्पर्श करणारं. २०१८ मध्ये ती सिनेटवर निवडून गेली, आणि मूलनिवासी समाजांचा सांस्कृतिक वारसा परस्पर वापरला जाऊ नये यासाठीच्या कायद्याच्या कामात राहिली. गायिकेने हे काम हाती घ्यावं याला कारण आहे, पुढे पिरेकुआपाशी ते येईल.

इस्त्मोची अडचण अशी, की तिथली सगळ्यांत गाजलेली गाणी दोन भाषांत चालतात. ‘ला सांडुंगा’ आणि ‘ला योरोना’ यांची बहुसंख्य ध्वनिमुद्रणं संपूर्ण स्पॅनिश आहेत. सापोतेक कडवं असलंच तर एखादं. गाण्याचं नाव पाहून यादीत टाकू नका, पहिलं कडवं ऐका. दुसरं, सापोतेक नावाखाली डोंगरातल्या गावांचंही गाणं सापडेल. ती सापोतेक इस्त्मोच्या माणसाला कळत नाही, इतक्या त्या बोली एकमेकींपासून लांब आहेत. शोधताना हुचितान किंवा इस्त्मो हा शब्द जोडा. आणि रोमन लिपीत हे नाव ‘झेड’ने सुरू होतं, ‘एस’ने शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

पिरेकुआ : माझा कल इथे आहे

मिचोआकान राज्यात, पात्सक्वारो सरोवराच्या काठाने आणि वरच्या पठारावर, पुरेपेचा गावं आहेत. भाषा बोलणारे १ लाख ४० हजारांच्या आसपास, म्हणजे सापोतेकच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीत. तरी गाण्याची परंपरा अशी घट्ट, की गावोगावी गाणं रचणारे सापडतात. गाणाऱ्याला पिरेरी म्हणतात आणि तो बहुधा स्वतःच्या गाण्याचा कर्ताही असतो. विषय प्रेमाचे, फुलांच्या आडून सांगितलेले. पण उत्तरेकडे मजुरीला गेलेला माणूस, गावावर आलेलं संकट, झालेली लढाई, हेही त्यात येतं.

ठेके दोन. ‘सोन’ संथ, तीनात चालणारा. ‘अबाहेन्यो’ जलद, सहात चालणारा, पाय हलवणारा. आपल्या कानांना दादऱ्यामुळे सहा मात्रांची सवय असते, म्हणून अबाहेन्यो लगेच ओळखीचा वाटतो. मजा मात्र सोनमध्ये आहे. गिटार तीनात ठोका देत असते आणि गळा त्यावर दोनदोनांत ओळ ओढत जातो, त्यामुळे गाणारा सतत किंचित मागे रेंगाळतोय असा भास होतो. दोन आवाज जोडीने, एक दुसऱ्याच्या थोडा वर. पहिल्यांदा ऐकताना सगळी गाणी सारखीच वाटतात. आठवडाभर रोज ऐकलं की हे रेंगाळणं कळायला लागतं आणि मग गाणी वेगवेगळी होतात. एवढा धीर नसेल तर पिरेकुआ तुमच्यासाठी नाही.

मराठी माणसाला इथे एक फायदा मिळतो, जो स्पॅनिश बोलणाऱ्यालाही मिळत नाही. पुरेपेचात प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांत आपल्यासारखाच फरक केला जातो, शिवाय जीभ मागे वळवून काढायचा एक ‘र’ आहे, आपल्या दोन स्वरांमधल्या ‘ड’च्या जवळचा. भाषेचं नावही तिथली माणसं ‘फुडेपेचा’च्या जवळपास उच्चारतात, आपण स्पॅनिशवरून घेतलेलं सपाट रूप वापरतो. नुसतं ऐकायचं नसून एखादं गाणं बसवायचं असेल, एखाद्या गायनगटात किंवा घरीच, तर पिरेकुआ निवडा. इस्त्मोच्या सापोतेकमध्ये घशात तुटणारे आणि घोगरे होणारे स्वर वेगळे मोजले जातात, बोलताना सुरांच्या चढउतारानेही अर्थ बदलतो. ते ऐकायला छान, तोंडात बसवायला कठीण.

उणी बाजू ध्वनिमुद्रणाची. पिरेकुआ आजही मोठ्या प्रमाणात गावच्या लग्नांत, सणांत आणि रेडिओवर जगतं. ॲपवर जे आहे ते विस्कळीत : एकाच गटाच्या नावाची तीन स्पेलिंगं, कॅसेटवरून उचललेला खरखरीत आवाज, वर्ष नाही, गीतकाराचं नाव नाही. नीट संपादित काही हवं असेल तर मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संस्थेच्या ध्वनिसंग्रहाने काढलेली मालिका शोधा, तिच्यात पुरेपेचा सणांच्या संगीताचा स्वतंत्र भाग आहे. जिवंत ऐकायचं तर चेरान गावचं सरकारी मूलनिवासी रेडिओ केंद्र ‘एक्सईपुर’ आहे. १९८२ पासून चालणारं हे केंद्र पुरेपेचात बोलतं आणि आता इंटरनेटवरूनही मिळतं. तिथले सकाळचे सहा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. ऑफिसातून घरी परतताना त्यांची सकाळ ऐकता येते. मला विचाराल तर कुठल्याही तयार यादीपेक्षा हे बरं, कारण गाण्यांच्या मध्ये निरोप आणि बोलणंही कानावर पडतं.

आता श्रेयाचा मुद्दा. २०१० मध्ये युनेस्कोने पिरेकुआला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी मेक्सिकोची पारंपरिक स्वयंपाकपद्धतीही तिथे गेली. बाहेर टाळ्या पडल्या, पण अनेक पिरेरींनी जाहीर हरकत घेतली : आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि नाव आमचं झालं तरी फायदा पर्यटनखात्याचा. त्यांच्या रागामागे जुनी तक्रार होती, की कर्ता माहीत असलेली गाणीही ‘पारंपरिक’ म्हणून छापली जातात आणि रचणाऱ्याच्या हाती काही येत नाही. एखादं पिरेकुआ कुठे वापरणार असाल, व्हिडिओला लावणार असाल, मंचावर गाणार असाल, तर गीतकाराचं नाव शोधण्याचे कष्ट घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रवासाचा बेत असेल तर साकान गावची पुरेपेचा कलास्पर्धा ऑक्टोबरात असते, १९७१ पासून. पाराचो हे गिटार घडवणाऱ्यांचं गावही त्याच पठारावर आहे. हात मोकळा असेल तर एक गिटार घेऊन या.

मग निवड कशी करावी

एक सोपी परीक्षा आहे. ‘उना सांग्रे’मधलं पुरेपेचा गाणं, ‘तिरिनेनी त्सित्सिकी’, आधी डाऊन्सच्या आवाजात ऐका. मग तेच गाणं मिचोआकानच्या कुठल्याही जोडगळ्याने, दोन गिटारींवर गायलेलं शोधा. यूट्यूबवर अनेक आहेत, आवाजाचा दर्जा बेताचा. पहिलं जास्त आवडलं तर ‘आर्बोल दे ला विदा’ लावा आणि पासातोनोपर्यंत जा, ते तुमचं दार. दुसरं जास्त आवडलं तर सरळ चेरानचा रेडिओ. दोन्ही छान, पण गाणारा म्हणतोय काय ते कळेना म्हणून चुकचुकलात, तर इस्त्मोकडे वळा. शब्द हाती लागण्याची सर्वांत जास्त शक्यता तिथेच आहे.

घरात लहान मुलं असतील आणि गाडीत सगळ्यांनी मिळून ऐकायचं असेल, तर वाद न घालता सुसाना आर्प.

आणि ठोका जोरात हवा असेल तर या तिन्हींचा नाद सोडा. चियापासमधल्या सिनाकान्तानचा ‘साक त्सेवुल’ हा गट १९९६ पासून त्सोत्सिल भाषेत रॉक वाजवतो. रॅपमध्ये किन्ताना रो राज्यातला पॅट बॉय माया भाषेत गातो. २०२२ च्या ‘ब्लॅक पँथर : वकांडा फॉरेव्हर’च्या संगीतात त्याचा आवाज आहे, म्हणजे तुम्ही तो कदाचित आधीच ऐकला असेल.