कापलेला बट, खोडलेली तारीख : ‘ज्युनिअर’ एअर रायफलीच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्याजवळच्या एका कुटुंबानं १३ वर्षांच्या मुलीसाठी १० मीटर एअर रायफल सेकंडहँड घेतली. मुलीची उंची १४५ सेंटीमीटर, वजन ३६ किलो. जाहिरातीत लिहिलं होतं : जर्मन बनावट, ज्युनिअर स्टॉक (म्हणजे मुलांच्या मापाचा लाकडी सांगाडा), एकाच मुलानं वापरलेली, हवेचे दोन सिलिंडर सोबत. किंमत १ लाख ३५ हजार. २५ हजार इसार ऑनलाइन गेला, बाकीचे रायफल हातात आल्यावर दिले. म्हणजे रायफल आली, पैसे घेऊन कोणी पळालं नाही. त्यामुळेच फसवलं गेल्याचं कळायला वेळ लागला. तोवर मुलीची कंबर दुखायला लागली होती आणि घरचे ‘तुझं लक्षच नसतं’ म्हणून तिलाच बोलत होते.

विक्रेत्याचं नाव इथं देत नाही, तक्रार दाखल आहे. काय विकलं गेलं आणि ते आधी कसं ओळखता आलं असतं तेवढं लिहितो. लागतात मुख्यतः तीन गोष्टी : शिवणकामाची टेप, सामान लटकवून मोजायचा काटा आणि दोन ॲलन की.

रायफल मुळात मोठ्या माणसाच्या मापाची होती. लॅमिनेटेड लाकडाचा बट, म्हणजे स्टॉकचा खांद्याकडचा भाग, मागून ४ सेंटीमीटर कापला होता, नवी भोकं पाडून बट प्लेट (खांद्याला लागणारी पट्टी) पुन्हा बसवली होती आणि वरून पॉलिश मारलं होतं. मूळ रायफलीत ट्रिगरपासून बट प्लेटपर्यंतचं अंतर कमीत कमी ३२ सेंटीमीटर ठेवता येत होतं, ते २८ वर आलं. मुलीचा कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजलं तर बरोबर २८. विक्रेत्यानं व्हिडिओ कॉलवर टेप लावून हेच एक माप दाखवलं. पालकांना कोचनी हेच एक माप सांगितलं होतं. जुळलं म्हणजे झालं, असं वाटणं साहजिक होतं.

ते मापही पुरतं बरोबर नव्हतं, कारण ते जॅकेटशिवाय घेतलं होतं. शूटिंग जॅकेट आणि आतला स्वेटर खांद्यावर सेंटीमीटरभर जागा खातात. म्हणून मापं नेहमी पूर्ण किट घालून घ्यायची. २८ ची मुलगी जॅकेटमध्ये २७ ला नीट उभी राहते, आणि तिथून पुढे वाढीसाठी तीन-चार सेंटीमीटर मोकळे हवेत. कापलेल्या बटात रायफल २८ च्या खाली जातच नव्हती.

पण खरी गोम पुढे आहे. बट कापल्यानं मागची लांबी कमी होते, बाकी सगळं मोठ्याच माणसाचं राहतं. ग्रिप मोठ्या हाताची होती. मुलीनं मूठ नीट धरली की ट्रिगरवर पहिलं पेर येण्याऐवजी बोटाचं नुसतं टोक टेकायचं. टोकानं ट्रिगर सरळ मागे ओढला जात नाही, तो बाजूला ढकलला जातो आणि शॉट आडवे सरकतात. ट्रिगरची पट्टी रुळावर मागे आणता येते, ती आधीच शेवटपर्यंत आणलेली होती. मग मुलीनं मूठच पुढे फिरवून धरायला सुरुवात केली. त्यानं मनगट मुरडतं, आणि मनगट मुरडलं की खांदाही ताठरतो.

चीकपीसचं, म्हणजे गाल टेकवायच्या फळीचंही तसंच. बट ४ सेंटीमीटरनं आखूड झाला की नेम धरणाऱ्याचं डोकं रायफलीवर तेवढंच पुढे येतं. गाल चीकपीसच्या पुढच्या टोकावर टेकतो आणि डोळा डायऑप्टरला (ज्यातून नेम धरतात त्या मागच्या भोकाला) जवळजवळ चिकटतो. डायऑप्टर पुढे सरकवावा तर रेलवर जागा नाही. मग मूल मान मागे ओढून उभं राहतं. नळीच्या टोकावरची नेमाची रिंग क्षणभर स्वच्छ दिसते, पाच-सहा सेकंदांत धूसर होते. पालक चष्म्याचा नंबर तपासायला धावतात. इथंही डोळ्यांच्या डॉक्टरकडे एक फेरी झालीच.

आणि वजन. कापून टाकलेलं लाकूड दीडशे ग्रॅमच्या आसपास असेल, पण ते मागच्या टोकाचं होतं, त्यामुळे तोल पुढे सरकला. लहान मुलाचा आधाराचा हात आखूड असतो, तो ट्रिगर गार्डच्या जवळ येतो. म्हणजे तोल पुढे आणि आधार मागे. नळी खाली जाते, मूल पाठ मागे टाकून ती सावरतं आणि सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. पालकांनी तक्रार केल्यावर विक्रेत्यानं ‘बॅलन्सिंग’ म्हणून बटाखाली ३०० ग्रॅमची वजनं लावून दिली, त्याचेही पैसे घेतले. तोल सुधारला, पण ४.८ किलोची रायफल ५.१ झाली. नियमाची मर्यादा ५.५ किलो आहे, त्यामुळे ती स्पर्धेत चालते. ३६ किलोच्या मुलीला ती झेपत नाही एवढंच. आमच्या मते या वयात शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा फार वर जाऊ नये. मुलांसाठी मुळातच लहान बांधलेल्या रायफली साडेतीन ते चार किलोंच्या असतात. त्यात सिलिंडर आखूड असतो, ग्रिप छोटी असते, आणि चीकपीस व बट प्लेट दोन्ही पुढे-मागे, वर-खाली होतात. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ या कंपन्यांनी अशी मॉडेलं काढली आहेत. मॉडेलचं नाव विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकातल्या वजनाशी काट्यावरचं वजन ताडून पाहा. अर्ध्या किलोचा फरक आला तर विक्रेत्याच्या शब्दाला अर्थ नाही.

कापलेला बट ओळखणं मुळीच अवघड नाही. बट प्लेटचे दोन स्क्रू सोडवा आणि मागचं लाकूड बघा. कारखान्यातल्या कापावर जुनं पॉलिश असतं, आत स्क्रूसाठी धातूचे बुश बसवलेले असतात. नंतरच्या कापावर ताजं लाकूड, करवतीच्या रेघा, लाकडाच्या भुशात फेविकॉल मिसळून बुजवलेली जुनी भोकं. या रायफलीत नवं भोक जरा तिरकं पडलं होतं, त्यामुळे खांद्याच्या दाबानं बट प्लेट दर वीस-पंचवीस शॉटनंतर किंचित कलायची. ‘उघडू नका, सेटिंग बिघडेल’ असं विक्रेता म्हणाला तर तिथूनच परत फिरा. सेटिंग पेन्सिलीनं खूण करून पुन्हा लावता येतं.

घेण्याआधी मुलाला किट घालून उभं करा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावू द्या, गाल टेकवू द्या, मग डोळे उघडू द्या. डायऑप्टरमधून समोरचं वर्तुळ मान न हलवता मधोमध दिसायला हवं. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकलेला असताना रायफल खांद्याच्या उंचीला येत नसेल तर हाताखाली ठोकळा लागतो. ठोकळा चालतो, पण नळीच्या मध्यापासून खाली १२० मिलिमीटरच्या पुढे गेला तर स्पर्धेच्या तपासणीत अडवतात. दुकानदार हे सांगत नाहीत.

आता सिलिंडर. इथं फसवणूक नुसती पैशांची राहत नाही. हवेच्या सिलिंडरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, आणि स्पर्धेच्या नियमानुसार तो जास्तीत जास्त १० वर्षं वापरता येतो. या सौद्यातल्या एका सिलिंडरवर २०११ होतं आणि त्यावर क्लबचा स्टिकर चिकटवलेला. दुसऱ्यावरची तारीख कानशीनं घासलेली. २०० बार दाबाच्या भांड्यावर कानस चालवलेली दिसली तर ते कोणत्याही भावात घेऊ नका, भरून तर पाहूच नका. नवा सिलिंडर बाहेरून मागवावा लागतो, महाग पडतो. म्हणूनच जुन्या रायफलीसोबत मुदत संपलेले सिलिंडर ‘फुकट’ येतात.

सिलिंडर मुदतीतला असेल तर २०० बारपर्यंत सावकाश भरा, रायफलीला लावा आणि रात्रभर ठेवा. गार झाल्यावर दाबाचा काटा थोडा उतरतो ते ठीक, सकाळी ठळक उतरलेला दिसला तर सील गेलेत. त्यानंतर क्रोनोग्राफवर (शॉटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा शॉट घ्या. या रायफली साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या असतात. रात्रभर उभ्या राहिलेल्या रायफलीचा पहिलाच शॉट बाकीच्यांपेक्षा बराच वेगवान आला तर रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, हवा धरून ठेवत नाही. या रायफलीत नेमकं तेच होतं, आणि ‘ओव्हरहॉल केली’ म्हणून ६ हजार वेगळे लावले होते.

सोबत दिलेला टेस्ट टार्गेटचा (कारखान्यात रायफल तपासताना झाडलेल्या शॉटचा) कागद सुंदर होता, एकाच भोकात पाच शॉट. त्यावरचा सीरियल नंबर मात्र बॉडीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. आणखी ८ हजार ‘लायसन्सच्या कागदपत्रां’चे घेतले. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि १० मीटरची रायफल साडेसात जूलच्या आसपास असते. ते ८ हजार कशाचे होते ते विक्रेत्यालाच ठाऊक. रायफल परदेशातून कोणाच्या नावानं आली, सीमाशुल्कात सवलत घेतली होती का, घेतली असेल तर विकायला काही अट आहे का, हे आयातीच्या कागदावरून आणि नेमबाजी संघटनेत विचारून आधी पक्कं करा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं कठीण होतं. विक्रेत्याचा रायफली विकण्याचा धंदाच असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग आहे. एखाद्या खासगी माणसाकडून घेतली असेल तर पोलीस ठाणं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ कॉलनंतरचे मेसेज, उघडलेल्या बटाचे फोटो हे सगळं तारखेसह ठेवा. या कुटुंबाकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट नव्हता, आणि जाहिरात केव्हाच काढून टाकलेली होती.

इसार देण्याआधी पावतीवर एवढं लिहून घ्या : मॉडेलचं पूर्ण नाव, बॉडीचा सीरियल नंबर, सिलिंडर धरून वजन, दोन्ही सिलिंडरच्या तारखा, ‘स्टॉक मूळ असून कापलेला वा जोडलेला नाही’, आणि सात दिवसांत परत घेण्याची मुदत. सही करताना विक्रेता नेमका स्टॉकच्या ओळीवर अडला, तर इसार खिशातच ठेवा.