बहुरूपी नायकाचं वेबकॉमिक: स्वाइप की स्क्रोल?

समजा, तुमचा नायक चोराच्या मागावर एका स्वयंपाकघरात शिरतो आणि लपण्यासाठी प्रेशर कुकर होतो. तेवढ्यात घरातली आजी येते, त्याच्यात डाळ-तांदूळ घालते आणि गॅस पेटवते. हा प्रसंग इन्स्टाग्रामवर एकेक चित्र सरकवत दाखवायचा, की वेबटून या कॉमिक वाचायच्या अ‍ॅपसारख्या खाली खाली जाणाऱ्या लांब पट्टीत? मी तो दोन्ही तऱ्हांनी काढून पाहिला आणि दोन वेगळे विनोद हाती लागले.

आधी स्वाइप. इन्स्टाग्रामच्या एका पोस्टमध्ये आता 20 चित्रं बसतात, पण असल्या गमतीला चार ते सहा भरपूर झाली. इथली सगळ्यात मोठी सोय म्हणजे पुढचं चित्र बोट सरकेपर्यंत लपलेलं राहतं. तिसऱ्या चित्रात आजीचा हात लायटरकडे गेलेला, चौथ्यात थेट शिट्टी. मधला चटका वाचक स्वतःच्या मनात भरतो आणि तिथेच हसतो.

अडचण एकच, पण मोठी आहे. रूप बदलताना दिसतच नाही. आधीच्या चित्रात माणूस, पुढच्यात कुकर. हा कुकर म्हणजे तोच नायक, हे क्षणात कळायला हवं. अमेरिकन चित्रकार जॅक कोल यांनी 1941 मध्ये आणलेला प्लॅस्टिक मॅन यासाठी जरूर पाहा. तो कुठलीही वस्तू झाला तरी त्याच्या पोशाखाचा लाल रंग सुटत नाही. वाचकाला तो दिसतो, गुंडांना दिसत नाही, आणि या तफावतीतून हसू येतं. तुमच्या नायकालाही अशी एक न बदलणारी खूण द्या: रंग, मिशी, एक तुटका दात, काहीही. माझ्या पहिल्या प्रयत्नात ही खूण नव्हती. ज्यांना दाखवलं त्यांनी विचारलं, "तो माणूस गेला कुठे?"

स्क्रोलमध्ये या खुणेची इतकी गरज पडत नाही, कारण बदल डोळ्यांदेखत घडतो. वेबटूनसाठी साधारण 800 पिक्सेल रुंद पट्टी काढतात आणि 1280 उंचीचे तुकडे करून चढवतात. वाचताना जोड दिसत नाही. मान लांबत लांबत शिट्टी होते, पोट फुगून भांडं होतं, आणि हे सगळं एकाच सलग चित्रात खाली उतरत जातं. दोन चौकटींमधली कोरी जागा म्हणजे इथला वेळ. आजी गॅस पेटवते, मग फोनच्या पडद्याएवढी मोकळी जागा, मग शिट्टी. ती जागा कमी पडली तर शिट्टी आधीच डोळ्याला दिसते आणि मजा जाते. स्वाइपमध्ये हा हिशेब करावा लागत नाही. शिवाय स्क्रोलला मेहनतही फार. कथेचा एक भाग म्हटला की तीस-चाळीस चौकटी सहज होतात. नोकरी सांभाळून दर आठवड्याला एवढं काढायचं म्हणजे तीन महिन्यांत हात गळतात.

साधनांवरून निवड करू नका. कृता (Krita) हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दोन्हीला पुरतं. अक्षरांकडे मात्र लक्ष द्या. देवनागरीत इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे ओरडणं दाखवायला जाड अक्षरच लागतं. मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेचा ‘बलू’ हा फॉन्ट त्यासाठी छान आहे, तोही फुकट. वेलांट्या आणि उकारांसाठी ओळींत अंतर ठेवा, नाहीतर संवादाच्या फुग्यात गर्दी होते. खरं तर या नायकाला शब्द कमीच लागतात. शि. द. फडणीस यांची कितीतरी हास्यचित्रं शब्दांवाचून हसवतात, त्यात प्रसंग कसा रचलाय ते पुन्हा पुन्हा पाहा.

माझा कल सांगतो. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात येऊन दटावतो. तो पोलीस नाही हे घरातल्या पोरालाही माहीत असतं, तरी सगळे ऐकत उभे राहतात. गंमत वेष चढवण्यात नसते, त्या वेषात तो जे बोलतो त्यात असते. तुमचे विनोद या जातीचे असतील, म्हणजे कुकर झाल्यावरची फजिती दाखवणारे, तर स्वाइप घ्या. मला मराठी कॉमिकसाठी हीच वाट जास्त जवळची वाटते आणि नवख्याने इथूनच सुरुवात करावी. बदल हाच विनोद असेल, म्हणजे शिंक आल्यामुळे नायक अर्धा हत्ती अर्धी स्कूटर होऊन अडकला, तर स्क्रोलला पर्याय नाही.

तरीही ठरत नसेल तर एकच प्रसंग पेन्सिलने दोन्हीत काढा. अर्धा तास लागेल. मग फोनवर फोटो घेऊन घरातल्या कुणाला तरी द्या आणि त्यांचं बोट कुठे थांबतं ते बघा.