चोर बाजारातून ग्रामोफोन घ्यायचाय? आधी चाचांकडे जा

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला ग्रामोफोनचं एक छोटंसं दुकान आहे, आत दोन गिऱ्हाईकं शिरली की तिसऱ्याने बाहेरच थांबायचं. बोर्डावरचं नाव कधीच पुसलंय, गल्लीत ग्रामोफोनवाले चाचा विचारा.

मला आवडलं ते हे की चाचा डुप्लिकेटला सरळ डुप्लिकेट म्हणतात. तो चकचकीत पितळी कर्णा, खाली नवाकोरा लाकडी खोका आणि त्यावर कुत्र्याचा बिल्ला, असले पीस बाजारभर दिसतात आणि बरेचसे हल्लीच जोडलेले असतात. चाचांकडेही आहेत, पण हात लावला की लगेच "वो शो का पीस है, गाना सुनना है तो इधर आओ" म्हणून एचएमव्हीचा 102 पोर्टेबल पुढे करतात. हे मॉडेल 1931 पासूनचं, कर्णा पेटीच्या आतच असतो त्यामुळे फोटोत काही भारी दिसत नाही, पण आवाज ऐका राव! बाकी हेही ॲंटिक नव्हेच बरं का, 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरायला किमान 100 वर्षं लागतात, तेव्हा ॲंटिकच्या नावाखाली कोणी भाव चढवला तर हसायचं आणि पुढे जायचं.

चाचा चावी पूर्ण भरून तबकडीची अख्खी बाजू वाजवून दाखवतात, घाई केली तर चिडतात. बरोबरच आहे, कारण स्प्रिंग दमलेली असेल तर सुरुवातीला कळतच नाही, शेवटाकडे तबकडी मंदावते आणि बालगंधर्व पार खर्जात जातात. साउंडबॉक्स म्हणजे सुई बसते ते डोकं, त्याचं जुनं रबर कडक झालं की आवाज फाटतो, ते बदलून देतात, त्याचे पैसे वेगळे. स्टीलची सुई मात्र दर बाजूला नवीन लावायची, ती कंजुषी केली तर तबकडीची वाट लागते. आणि प्लीज या मशीनवर एलपी, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्या, लावू नका, ते जड डोकं एका फेरीत खोबणी खरवडून टाकतं.

वाईट काय, तर तबकड्या. एकावर एक थप्पी लावून ठेवल्यात, लाखेच्या असतात हो त्या, खालच्या तडकणारच, आणि वर भाव असा की गायिका हिराबाई बडोदेकरांची एक घ्यायला अर्धा तास घासाघीस. ती उजेडात धरून कडा तपासूनच घ्या. यूपीआय चालतं, पक्कं बिल मागितलं की चाचांना ऐकू येत नाही.

पाचपैकी चार. ग्रँट रोडहून चालत जा, गाडी अजिबात नेऊ नका, आणि शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावरचा जुम्मा बाजार भरतो, तिथे मशीन वाजवून बघायला कोणी देत नाही.