कावासाकी आजारावरील उपचार: बालहृदयरोग विभागाचा अनुभव

माझ्या 4 वर्षांच्या मुलीवर पुण्यातील ज्या बालहृदयरोग विभागात कावासाकी आजाराचे (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) उपचार झाले, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. पाच दिवस न उतरलेला ताप, लाल डोळे आणि फुटलेले ओठ पाहून डॉक्टरांनी सीआरपी, ईएसआर या शरीरातील सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांबरोबर इकोही (हृदयाची सोनोग्राफी) त्याच दिवशी करून घेतला. उपचाराविना सुमारे 25 टक्के मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे येतात आणि पहिल्या 10 दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे, शिरेतून द्यायचे औषध) दिल्यास हा धोका 5 टक्क्यांच्या आसपास उतरतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. या औषधानंतर ईएसआर औषधामुळेच वाढतो, म्हणून सुधारणा ताप व सीआरपीवरून जोखायची, हे त्यांनी रिपोर्टवर पेनाने खूण करून आधीच सांगितले होते. त्यामुळे पुढचा वाढलेला आकडा पाहून आमचा धीर सुटला नाही. इकोत रक्तवाहिन्यांची मापे झेड-स्कोअरसह (मुलाच्या अंगकाठीच्या मानाने माप सरासरीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) दिली होती, आणि लहान अंगाच्या मुलांत नुसत्या मिलिमीटरवरून नेमका अंदाज येत नसल्याने हे मला फार मोलाचे वाटते. इम्युनोग्लोब्युलिनची वजनाच्या दर किलोमागे 2 ग्रॅम मात्रा लागत असल्याने बिल मोठे येते. त्याचा अंदाज काउंटरवर आधी मिळायला हवा होता. या औषधानंतर लस नीट लागू पडत नाही म्हणून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस 11 महिने लांबवण्याची सूचना मात्र डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत होती.