स्पॅम फिल्टर कुठे बसवायचा: सर्व्हरवर, मेल प्रोग्रॅममध्ये की दोघांच्या मध्ये?

फिल्टर निवडताना बहुतेक जण तो स्पॅम किती पकडतो एवढंच पाहतात. मी आधी तो कुठे बसतो ते बघतो. मेल प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण आता टीएलएसने (वाटेतला मजकूर इतरांना वाचता येऊ नये यासाठीची पद्धत) कूटबद्ध होते आणि मोठ्या सेवांमध्ये लॉगिन साध्या पासवर्डऐवजी ओऑथने होतं, म्हणजे मेल प्रोग्रॅमला पासवर्ड न देता सेवेकडून मिळालेल्या परवान्याने. ही व्यवस्था मोडल्याशिवाय ज्याला काम करता येत नाही, तो फिल्टर कितीही हुशार असला तरी नको.

मध्ये बसणाऱ्यांचा निकाल लवकर लागतो. पॉपफाइलसारखे स्थानिक प्रॉक्सी (आपल्याच संगणकावर चालणारे मध्यस्थ प्रोग्रॅम) एकेकाळी फार उपयोगी होते. मेल प्रोग्रॅमला सर्व्हरऐवजी आपल्याच संगणकाशी बोलायला लावायचं आणि येणारा प्रत्येक मेल वाटेत तपासायचा, ही त्यांची रीत. पासवर्डच्या लॉगिनवर बेतलेली अशी साधनं ओऑथपुढे अडतात. मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेत जुन्या पद्धतीचं, पासवर्डचं लॉगिन ऑक्टोबर 2022 पासून बंद करायला घेतलं. त्यानंतर अशी जोडणी तिथे टिकण्यासारखी नव्हतीच.

अँटीव्हायरसचं ‘मेल स्कॅनिंग’ हा त्याच घराण्यातला प्रकार. कूटबद्ध मजकूर वाचायला तो सर्व्हरच्या प्रमाणपत्राऐवजी (सर्व्हरची डिजिटल ओळख) स्वतःचं पुढे करतो. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमचा प्रमाणपत्रांचा साठा वेगळा असल्यामुळे तिथे इशारे येऊ लागतात आणि वैतागून माणूस ‘अपवाद’ मान्य करत सुटतो. खऱ्या हल्ल्याच्या वेळी येणारा इशाराही तसाच दिसतो, ही यातली खरी गोम. आणखी एक: थंडरबर्ड मुळात एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतो. अँटीव्हायरसने एका मेलपायी ती फाइलच उचलून बाजूला ठेवली, तर अख्खा इनबॉक्स गायब. संदेश एकेकटा बाजूला काढू देण्याचा पर्याय थंडरबर्डच्या सुरक्षा सेटिंगमध्ये आहे. अँटीव्हायरस असेल तर तो आधी चालू करा.

प्रोग्रॅमच्या पोटातला फिल्टर सुरक्षेच्या बाजूने सर्वांत निरुपद्रवी. मेल उलगडून झाल्यावरच तो काम करतो, त्यामुळे कुणाला वाटेत डोकवावं लागत नाही. पण सगळे सारखे नाहीत. थंडरबर्डचा फिल्टर तुमच्याकडून शिकतो. स्पॅमइतकेच चांगले मेलही ‘जंक नाही’ म्हणून दाखवावे लागतात, आणि लोक नेमकं तेच विसरतात. डेस्कटॉप आउटलुकचं दुखणं वेगळं: त्याच्या स्मार्टस्क्रीन फिल्टरला स्पॅम ओळखायच्या नव्या व्याख्या देणं मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2016 मध्ये थांबवलं. म्हणजे आउटलुकवाल्यांचा खरा फिल्टर सर्व्हरवरच असतो. प्रोग्रॅममधली सुरक्षित आणि अडवलेल्या प्रेषकांची यादी मात्र कामाची आहे.

मेल प्रोग्रॅमला वरून जोडायच्या ॲड-इनबद्दल (जोड-प्रोग्रॅम) एवढंच: त्याचं आयुष्य प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या हातात असतं. नव्या आउटलुकमध्ये ‘कॉम’ या जुन्या तंत्राची ॲड-इन चालत नाहीत. मॅकओएस सोनोमापासून ॲपल मेलने जुने प्लग-इन बंद केले. पैसे भरण्यापूर्वी सध्याच्या आवृत्तीचा उल्लेख शोधा.

उरतो सर्व्हर, आणि माझा कौल तिकडेच. कारण प्रेषकाचा आयपी पत्ता, एसपीएफ (त्या पत्त्यावरून मेल पाठवायची परवानगी आहे का), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्ही तपासण्या फसल्या तर काय करायचं याचा प्रेषकाच्या डोमेनने दिलेला नियम) हे सगळं मेल येतानाच पारखता येतं. शिवाय फोन आणि संगणक, दोन्हीकडे एकच निकाल दिसतो. तयार मेलसेवा वापरत असाल तर हा फिल्टर आधीच मिळालेला असतो. निवड करायची वेळ येते ती स्वतःचा सर्व्हर असेल तेव्हा, आणि मग मुख्य नावं दोन: स्पॅमअसॅसिन आणि आरस्पॅमडी.

स्पॅमअसॅसिन जुना आणि नियमांच्या बाबतीत मोकळा. एकूण गुण 5 झाले की मेल स्पॅम, हा त्याचा मूळ उंबरठा. शिकणारा भाग मात्र 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल पाहिल्याशिवाय बोलत नाही. आरस्पॅमडी सी भाषेत लिहिलेला, वेगवान. तो सरळ हो-नाही न म्हणता गुणांच्या पायऱ्या ठेवतो: थोडा संशय असेल तर मेल तात्पुरता परतवायचा, जास्त असेल तर हेडर (मेलच्या माथ्यावरची माहितीची ओळ) लावायचं, फारच असेल तर नाकारायचा. मेलची वर्दळ मोठी असेल तर मी हाच घेईन. जुने स्वतःचे नियम जपायचे असतील तर स्पॅमअसॅसिन सोडायची घाई नको.

दोघांनाही एकच अट घाला: निकाल फक्त वेगळ्या हेडरमध्ये लिहायचा. विषयात ‘स्पॅम’ घुसडलं की डीकेआयएमची सही सहसा तुटते, कारण विषय त्या सहीत धरलेला असतो. मूळ मेल जोडपत्रात गुंडाळायची स्पॅमअसॅसिनची सवय report_safe ही सेटिंग 0 करून मोडता येते. थंडरबर्डमध्ये खात्याच्या जंक सेटिंगमध्ये सर्व्हरच्या हेडरवर विश्वास ठेवायचा पर्याय आहे आणि त्या यादीत स्पॅमअसॅसिन आहे. तेवढी खूण केली की थंडरबर्ड आणि स्पॅमअसॅसिनचं जमतं.

संस्थांसाठी गेटवे, म्हणजे सर्व्हरच्या पुढे उभं राहून येणारा मेल आधी गाळणारी यंत्रणा, हा वेगळा मार्ग. तो घेतला तर आतल्या सर्व्हरला सगळे मेल गेटवेच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात आणि एसपीएफ तपासणी फसते. म्हणून गेटवेला विश्वासू म्हणून नोंदवा. आणि गेटवेखेरीज दुसऱ्या कुणाकडून आलेला मेल आतल्या सर्व्हरने घेऊच नये, अशीही व्यवस्था करा. नाहीतर स्पॅमवाले गेटवेला वळसा घालून थेट आत येतात.

शेवटापर्यंत कूटबद्ध (पाठवणाऱ्यापासून थेट वाचणाऱ्यापर्यंत बंद राहणाऱ्या) मेलांचा मजकूर यातल्या कुठल्याच सर्व्हर फिल्टरला वाचता येत नाही. तसा पत्रव्यवहार भरपूर असेल तर सर्व्हरवर प्रेषकाची पारख ठेवा आणि मजकुराची छाननी प्रोग्रॅममधल्या फिल्टरकडे सोपवा.