जुळे सोलापुरातला माइंडफुलनेसचा वर्ग: आठ रविवारांनंतर

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देण्याचा सराव. मन शांत व्हावं म्हणून मी गेले होते. पहिल्याच रविवारी बाईंनी सांगितलं, "विचार थांबवायला मी शिकवणार नाही, ते कुणालाच जमत नाही." मला रागच आला. वर्षभर रात्री ३ वाजता जाग येत होती, २,४०० रुपये भरून बसले होते, आणि बाई असं म्हणतात!

वर्ग एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. दर रविवारी संध्याकाळी ५ ते ७.३०, आठ आठवडे. आम्ही अकरा जण होतो. मूळ आराखडा जॉन कबाट-झिन यांचा. त्यांनी १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्यांसाठी तो सुरू केला. एवढं सांगून बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एकच बेदाणा ठेवला. माझं सासर नान्नजचं, द्राक्षबागेतलं. बेदाणा मी क्रेटनं पाहिलाय. पण पाच मिनिटं त्याच्या सुरकुत्या बघत, देठाची खूण चाचपत, कानाशी नेऊन, मग जिभेवर नुसता ठेवून कधी खाल्ला नव्हता. दात लागायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं, हे पन्नाशीत पहिल्यांदा लक्षात आलं.

दुसऱ्या रविवारी बाई म्हणाल्या, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर बोट वर करायचं. हॉलभर बोटंच बोटं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये असाच प्रयोग केला होता. दाबायला गेलं की विचार उसळी मारतो. रात्री ३ वाजता मी वर्षभर हेच करत होते.

मग करायचं काय? डोळे मिटून श्वासाकडे लक्ष ठेवायचं. मन पळालं की कुठं गेलं त्याला मनात नाव द्यायचं, 'काळजी', 'हिशेब', आणि परत श्वासाकडे यायचं. टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. २० तारखेच्या जीएसटीच्या आदल्या आठवड्यात माझं तर 'हिशेब, हिशेब' एवढंच चालायचं. चौथ्या रविवारी मात्र मला माहेर आठवलं. अशोक चौकात घराखालीच चार माग होते. त्या खटखटीत आम्ही पोरं गाढ झोपायचो आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून उठायचो. आवाज बंद झाल्याशिवाय झोप येत नाही, असं आमच्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं. तिथून माझी बसण्याची रीत बदलली.

सगळ्यात उपयोगी पडलं ते एक वाक्य. मुलगा पुण्यात असतो. फोन उचलला नाही की माझ्या डोक्यात लगेच अपघात. आता मी म्हणते, "अपघात झाला असं माझं मन म्हणतंय." छाती धडधडते अजून, पण पूर्वी मी लागोपाठ दहा फोन लावायचे. आता एक लावते आणि भाकरी थापायला घेते. जाग अजूनही येते. आठवड्यातून दोनदा, रोज नाही.

काही गोष्टी खटकल्या. घरी ऐकायच्या ध्वनिफिती आधी हिंदीत होत्या. 'शरीर का निरीक्षण' ऐकताना शाळेत बसल्यासारखं वाटायचं. मी बोलल्यावर बाईंनी तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या आवाजात मराठीत करून दिल्या. मागून रिक्षाचा हॉर्न येतो त्यात, पण मला तीच आवडते. दिवसभराचा मौन-सराव मेमध्ये ठेवायला नको होता. सोलापूरचं ऊन आणि हॉलमध्ये दोन पंखे, दुपारी लक्ष सगळं घामाकडे. आणि पाऊण तास फरशीवर पडून अंगभर लक्ष फिरवायचं, तर सतरंजी पुरत नाही. घरची चादर दुहेरी घालून न्या.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. नाव नोंदवतानाच बाईंनी विचारलं, मनासाठी औषध चालू आहे का? असेल तर बंद करायचं नाही आणि डॉक्टरांना विचारूनच यायचं. आमच्यातल्या एका ताईंना डोळे मिटले की धास्ती वाटायची. बाईंनी त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगितलं, तळपाय जमिनीला टेकलेत तेवढंच बघा म्हणाल्या. कुणालाही 'जमेल हो' म्हणून ढकललं नाही.

रोज पाऊण तास सराव नाही केला तर पैसे वाया जातील. माझे पहिले दोन आठवडे तसेच गेले.

पुढची तुकडी जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर आहे. नणंदेचं नाव मी कालच दिलं. तिचे गुडघे दुखतात, खुर्ची लागेल, तेही सांगून ठेवलंय.