रीडरची अकरावी आवृत्ती सोडताना : नव्या अ‍ॅक्रोबॅट रीडरचे परीक्षण

अ‍ॅडोबी रीडर या पीडीएफ फाइली वाचण्याच्या सॉफ्टवेअरच्या अकराव्या आवृत्तीला कंपनीकडून मिळणारा आधार १५ ऑक्टोबर २०१७ रोजी संपला, तरीही ती अनेक संगणकांवर अजून वापरात आहे आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. फाइल झटकन उघडते, छपाई नीट होते, पडद्यावर पानाखेरीज फारसे काही दिसत नाही. मग चालते आहे ते कशाला बदलायचे, असा प्रश्न नवी आवृत्ती वापरून पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत पडतो, कारण दिसण्याच्या बाबतीत जुनी आवृत्तीच सरस आहे.

बदलण्याचे खरे कारण पडद्यावर दिसत नाही. पीडीएफ म्हणजे केवळ पानाचे चित्र नव्हे. तिच्यात फॉन्ट, निरनिराळ्या प्रकारे आकसलेली चित्रे, फॉर्म, जोडलेल्या फाइली आणि जावास्क्रिप्टच्या आज्ञासुद्धा असू शकतात, आणि यातील प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावताना वाचक सॉफ्टवेअरची चूक झाली, तर मुद्दाम बिघडवून पाठवलेली फाइल संगणकाचा ताबा घेऊ शकते. हा धोका ओळखूनच २०१० मध्ये दहाव्या आवृत्तीत ‘प्रोटेक्टेड मोड’ आणला गेला. फाइल वाचणारा भाग उरलेल्या संगणकापासून वेगळा ठेवायचा, ही त्यामागची योजना. फेब्रुवारी २०१३ मध्ये हे कुंपणही ओलांडणारा हल्ला उघडकीस आला. त्या वेळी अकरावी आवृत्ती चालू असल्यामुळे त्याच महिन्यात दुरुस्ती मिळाली. आज तसेच काही घडले, तर ती दुरुस्ती या आवृत्तीसाठी येणार नाही.

यातली आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. नव्या आवृत्तीतील दोष दुरुस्त झाला की त्याची जाहीर नोंद होते, आणि दोन्ही आवृत्त्यांचा पाया बराचसा एकच असल्याने ती नोंद व ते अपडेट अभ्यासणाऱ्याला जुन्या आवृत्तीत कोठे शोध घ्यावा हेही कळते. म्हणजे जुनी आवृत्ती आहे तिथेच राहत नाही. प्रत्येक अपडेटनिशी ती अधिक उघडी पडत जाते.

आता नव्या अ‍ॅक्रोबॅट रीडरविषयी. ते मोफत आहे, पण उतरवून घेताना सोबत इतर सॉफ्टवेअर सुचवले जात असेल, तर त्यापुढील खूण आधी काढून टाकावी. आत गेल्यावर पानाच्या कडेला साधनांची पट्टी दिसते, आणि तिच्यातील संपादन, रूपांतर, पाने जोडणे यांसारखी बरीच साधने वर्गणी भरल्याशिवाय चालत नाहीत. मोफत वस्तूत जाहिरात असणे मी समजू शकतो; परंतु वाचनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचनाची जागाच जाहिरातीने घ्यावी, हे मला पटत नाही. पट्टी मिटवता येते आणि ती मिटलेलीच राहावी अशी सोय ‘प्रेफरन्सेस’मध्ये आहे. तिथेच जावास्क्रिप्टही बंद करता येते. ज्यांच्या फॉर्ममध्ये आपोआप बेरीज वगैरे होत नाही, त्यांनी ती बंदच ठेवावी. प्रोटेक्टेड मोडला मात्र हात लावू नये.

या सॉफ्टवेअरला पर्याय मिळणे कठीण होते ते फॉर्म आणि डिजिटल सही या दोन कामांत. सही कोणाची, ती विश्वासार्ह यादीतील प्रमाणपत्रावर आधारलेली आहे का आणि सहीनंतर मजकुरात बदल झाला का, हे ते स्पष्ट सांगते. एक्सएफए (पीडीएफमधील फॉर्म बनवण्याची एक जुनी पद्धत) प्रकारचे जुने फॉर्म अनेक ब्राउझरांत व छोट्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाहीत; ‘कृपया थांबा’ अशा आशयाचे इंग्रजी पान दिसते आणि कितीही थांबले तरी पुढे काही होत नाही. संगणकावरील अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये मात्र ते भरता येतात.

एक अपेक्षा ठेवू नये. देवनागरी पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही, कॉपी केला तर भलतीच अक्षरे उमटतात, ही आपली नेहमीची तक्रार नव्या आवृत्तीने मिटत नाही. युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या) फॉन्टमध्ये अक्षरजुळणी झालेली असते किंवा दिसणाऱ्या आकृतीमागे कोणते अक्षर आहे याची नोंद फाइलमध्ये चुकलेली असते; मुळातच नसलेली माहिती वाचक सॉफ्टवेअर कोठून आणणार?

ज्यांना केवळ वाचायचे आहे, त्यांनी विंडोजवर सुमात्रा पीडीएफ जरूर पाहावे. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आकाराने लहान आहे, इन्स्टॉल न करताही चालते आणि पुस्तक जिथे सोडले त्याच पानावर पुन्हा उघडते. ईपब (ई-पुस्तकांच्या) व डेजाव्यू (स्कॅन केलेल्या पानांच्या) फाइलीही त्यात वाचता येतात. फॉर्म भरणे किंवा सही तपासणे यासाठी ते बनवलेले नाही, परंतु अकराव्या आवृत्तीचा सुटसुटीतपणा ज्यांना हवा आहे, त्यांना तो नव्या अ‍ॅक्रोबॅटपेक्षा इथेच सापडेल. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ऑक्युलर आहे आणि त्यात शेरे लिहिण्याची सोयही चांगली आहे. अधूनमधून एखादी पावती पाहण्यापुरते काम असेल, तर अद्ययावत ब्राउझर पुरतो.

माझी निवड अशी : रोजच्या वाचनाला सुमात्रा, फॉर्म आणि सह्यांना अ‍ॅक्रोबॅट. विंडोज ७ वर नवे अ‍ॅक्रोबॅट रीडर चालत नाही, हे तिथे अडलेल्यांनी ध्यानात घ्यावे. विंडोज ७ लाच आता सुरक्षा दुरुस्त्या मिळत नसल्याने त्यांची अडचण वाचक सॉफ्टवेअरपुरती उरलेलीच नाही. नवे बसवल्यावर जुनी आवृत्ती संगणकावरून काढली गेली आहे ना आणि पीडीएफ कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते आहे, हे सेटिंग्जमध्ये जाऊन अवश्य तपासावे, अन्यथा फाइलवर दोनदा क्लिक करताच पुन्हा अकरावी आवृत्तीच समोर येऊ शकते.